वहीच्या मागच्या बाजूचा पेशंट

३ मार्च

ही वही खरं तर ठिपकीची. ठिपकी म्हणजे ताईची मुलगी, सात महिन्यांची, वजन साडेचार किलो. पुढच्या पानांवर मी तिच्या नोंदी करतो: किती दूध प्यायली, किती वेळा ओकली, लंगोट किती ओले झाले. हे काम माझ्याकडे आलं कारण घरात बिनकामाचा मी एकटाच. वही उलटी धरून मागून लिहितोय ते माझं. ताई पुढूनच उघडते, त्यामुळे काळजी नाही.

मी इथे आठ दिवसांसाठी आलो होतो. सहा वर्षांत अकरा गावं आणि चौदा नोकऱ्या झाल्या. शेवटची मासेमारीच्या बोटीवर, बर्फ फोडायची. दाजी जहाजावर गेलेत, नऊ महिन्यांच्या करारावर. ताई फोनवर म्हणाली, "भोवऱ्या, जरा येऊन थांब. बाळाचं काही बरं दिसत नाही." ताई सहसा असं बोलत नाही. म्हणून आलो.

खाली बाबांचं पंपदुरुस्तीचं दुकान, वर आम्ही. आई जाऊन चार वर्षं झाली. बाबा माझ्याशी बोलायला आले की अजूनही वळसा घालून माझ्या उजव्या बाजूला येतात. डावा कान त्यांच्याच थपडेने गेला, मी सात वर्षांचा असताना. गिऱ्हाइकाचा पंप मी पाणी न भरता कोरडाच चालू केला होता. सील जळलं, मोटर गेली, वास दुकानभर. एक थप्पड बसली आणि त्या दिवसापासून डावीकडचं जग बंद. त्यांनी पुन्हा कधी हात उचलला नाही आणि मीही विषय काढला नाही. आमचं असं शांततेत चाललंय.

आज ठिपकीला उचललं. काहीच वजन लागलं नाही हाताला. भीती वाटली, म्हणून लगेच खाली ठेवलं.

६ मार्च

मोठ्या दवाखान्यात गेलो होतो. डॉक्टरबाई ठेंगण्या, पांढऱ्या केसांच्या, एका वेळी एकच प्रश्न विचारतात आणि उत्तर येईपर्यंत पेन हलवत नाहीत.

"नात्यात लग्न झालंय का?"

"हो," ताई म्हणाली. "नवरा बाबांच्या चुलत बहिणीचा मुलगा."

"आणि तुमचे आईवडील?"

"तेही लांबच्या नात्यातलेच. आमच्याकडे कोणीही कोणाचं तरी काहीतरी लागतंच."

"घरात लहानपणापासून कोणाला कमी ऐकू येतं?"

ताईने माझ्याकडे पाहिलं. मी नको म्हणून मान हलवली. माझा कान काही आजाराने गेलेला नाही, घालवलेला आहे. ते काय दवाखान्यात सांगायचं, बाबा शेजारी बसलेले असताना? ताई म्हणाली, "नाही, कोणालाच नाही." बाबा फरशीकडे बघत होते.

मग डॉक्टरबाईंनी समजावलं. ठिपकीच्या रक्तात आम्ल साठतंय. त्याची दोन कारणं असू शकतात. एक, पोट बिघडल्याने क्षार निघून जातायत. तसं असेल तर फार काळजीचं नाही. दुसरं, मूत्रपिंड आम्ल बाहेर टाकत नाहीये. तिथल्या काही पेशींच्या भिंतीत अगदी बारीक पंप असतात, ते आम्ल लघवीत ढकलतात.

'पंप' म्हटल्यावर बाबा ताठ बसले. "म्हणजे खरोखर फिरतो का तो?"

"खरोखर फिरतो. मधला दांडा गोल फिरतो आणि प्रत्येक फेरीला प्रोटॉन बाहेर जातात."

"मग कुठला पार्ट गेलाय?"

बाई पहिल्यांदाच हसल्या. "संशय एकाच पार्टवर आहे. तो कसा बनवायचा याची कृती एका जनुकात लिहिलेली असते. त्या कृतीत चूक असेल." त्यांनी कागदावर नाव लिहिलं: एटीपी, सहा, व्ही, एक, बी, एक. मला तो ट्रकचा नंबर वाटला. तपासणीला रक्त दूर पाठवलंय, निकाल तीन-चार आठवड्यांनी.

"हाच पार्ट शरीरात आणखी कुठे बसवलेला असतो का?" बाबांनी विचारलं.

त्यावर बाई काय म्हणाल्या ते मला ऐकू आलं नाही. त्या माझ्या डावीकडे होत्या आणि खिडकीबाहेर एक माणूस शिडीवर चढून दिवा बदलत होता, शिडी धरायला कोणी नाही. दिवा नीट बसेपर्यंत माझा जीव वर. पुन्हा लक्ष दिलं तेव्हा बाबा माझ्याकडे बघत होते. रागाने नाही. कसं ते सांगता येत नाही. पंप उघडून आत भलतंच काही दिसलं की जसे थांबतात, तसे.

लघवीची परीक्षा व्हायची होती पण ठिपकीने दोन तास काही केलं नाही. शेवटी बाईंनी पट्ट्यांची डबी दिली. उद्या सकाळची पहिली लघवी, त्यात पट्टी बुडवायची. नारिंगी झाली तर पोट, आठवड्याने या. हिरवी-निळी राहिली तर मूत्रपिंड, त्याच दिवशी घेऊन या, औषध सुरू करू. "थांबू नका," असं दोनदा म्हणाल्या.

वाटेत पाण्याची तिसरी बाटली संपवली. ताई म्हणते, "तुझ्या पोटात विहीर आहे का रे?" लहानपणापासून म्हणते.

७ मार्च

सकाळी जिना बसून उतरलो. पाय गळाल्यासारखे झाले होते, उभंच राहवेना. बोटीवरही महिन्यातून दोन-तीनदा व्हायचं. केळी खाल्ली, तासाभराने बरं वाटलं. फार भटकतो म्हणून होत असेल.

ठिपकीची पट्टी हिरवी आली. ताईचा चेहराच उतरला. आत जाऊन पिशवी भरायला लागली, लंगोट, बाटली, कार्ड. तेच कार्ड तिने तीनदा आत घातलं, तीनदा बाहेर काढलं. मला ते बघवेना. मग एक विचार आला. या पट्ट्या बरोबर आहेत कशावरून? बोटीवर काटा तपासायचा तर आधी ठाऊक असलेलं वजन ठेवून बघतात. म्हणून मी दुसरी पट्टी घेतली, मोरीत जाऊन स्वतःची लघवी तपासली. मी धडधाकट माणूस, माझी नारिंगी यायला हवी.

हिरवीच. ठिपकीच्या पट्टीशेजारी ठेवली, रंगात फरक नाही.

ताईला दाखवलं. "बघ, माझीही तीच. पट्ट्या खराब आहेत. नवीन आणतो, परत बघू, मग जाऊ." ताई खुर्चीवर बसली आणि पदरात तोंड घालून रडली, पण सुटकेचं. मला बरं वाटलं. किती दिवसांनी या घरात माझा काही उपयोग झाला.

बाबा कुठल्याशा कारखान्यात पंप बसवायला दोन दिवस गेलेत.

८ मार्च

नव्या पट्ट्या आणायला निघालो. वाटेत गोदीजवळ क्रेन एक अख्खी बोट उचलत होती. बोट हवेत, खालून पाणी निथळतंय, तळाला शिंपल्यांचा थर. बघत राहिलो. क्रेनवाल्याशी गप्पा झाल्या, त्याच्याकडे माणूस हवा आहे. तोंडातल्या तोंडात बोलत होता, चारदा विचारावं लागलं. हल्ली माणसं पुटपुटतातच फार. औषधाच्या दुकानाला पोचलो तर कुलूप. ताईला सांगितलं, दुकानातल्या पट्ट्या संपल्या होत्या.

खोटं बोललो हे इथे लिहून ठेवतो. कुठेतरी खरं असावं.

९ मार्च

आज रविवार, दुकान बंद. ठिपकी सकाळपासून रडली नाही. ताई म्हणाली शांत आहे. मला ती शांत वाटली नाही. ताईने डॉक्टरबाईंनी सांगितलं म्हणून एक प्रयोग केला: त्या पार्टचा कानाशीही संबंध असतो म्हणे, त्यामुळे ठिपकीला ऐकू येतं का ते बघायचं. मी तिच्या पाठीमागे ताटावर डाव आपटला. शेजारच्या घरातलं कुत्रं भुंकलं. ठिपकी छताकडे बघत होती. पुन्हा आपटला, जोरात. तिने डोळेसुद्धा मिटले नाहीत.

ताईने ताट माझ्या हातातून काढून घेतलं आणि धुवायला लागली. ते स्वच्छच होतं.

संध्याकाळी बाबा आले. वळसा घालून उजवीकडे बसले.

"तुझा कान एकदा दाखवून घेऊ."

"आता? सतरा वर्षांनी?"

"मी येतो बरोबर."

"कशाला? डॉक्टर विचारतील काय झालं होतं, मग काय सांगाल?"

ते उठून खाली दुकानात गेले. मला वाटलं होतं हे बोलून हलकं वाटेल. वाटलं नाही. वाटतं, मी जावं असंच त्यांच्या मनात आहे. क्रेनवाल्याला उद्या विचारतो.

१० मार्च

दवाखान्याच्या बाकावर बसून लिहितोय. अक्षर कसं येतंय बघा.

सकाळी पट्ट्या आणायला निघालो तेव्हा दुकानाच्या दारात बाबा भेटले. कुठे चाललास, विचारलं. सांगितलं, त्या दिवशीच्या पट्ट्या खराब निघाल्या.

"कशावरून खराब?"

"मी स्वतःची बघितली ना. माझीही हिरवी आली."

त्यांच्या हातात पाना होता. तो त्यांनी खाली ठेवला नाही, तो पडला.

"तू स्वतःची बघितलीस," ते म्हणाले. "अरे, तू स्वतःची बघितलीस."

आणि जिना चढायला लागले, दोन-दोन पायऱ्या, साठी ओलांडलेला माणूस. मी मागे. वर ताई ठिपकीला हलवत होती, ठिपकीची मान मागे पडत होती. हात उचलून सोडला की ओल्या फडक्यासारखा खाली येत होता. श्वास चालू होता, पण पोटच तेवढं हलत होतं, छाती नाही.

 रिक्षात मी ठिपकीच्या नाकाशी बोट धरून होतो. दोन श्वासांच्या मध्ये इतकी जागा होती की तेवढ्यात माणसाला आपलं सगळं वाईट आठवून होईल. तीन दिवस. क्रेन, बोट, शिंपले, कुलूप.

तिला आत नेलंय. दाराला गोल काच आहे, त्यातून फक्त नर्सची पाठ दिसते.

तासाभराने. डॉक्टरबाई बाहेर आल्या. पोटॅशियम फार खाली गेलंय, त्याने स्नायू गळतात, छातीचेसुद्धा. नळीतून देतायत. पुढचे काही तास महत्त्वाचे. "सात तारखेलाच का नाही आणलं?" ताईने माझ्याकडे पाहिलं नाही. तेच जास्त वाईट. मी म्हणालो, "माझ्यामुळे. माझी चूक." सगळं सांगायला लागलो पण त्या घाईत होत्या. म्हणाल्या, दुधाच्या, उलट्यांच्या नोंदी असतील तर द्या. आता ही वही त्यांना

११ मार्च

ठिपकी जिवंत आहे. हे आधी लिहितो.

पहाटे तिने नर्सचं बोट धरलं. ताई बाकावर बसल्या बसल्या झोपली, सहा दिवसांत पहिल्यांदा.

काल वाक्य अर्धं राहिलं कारण बाईंनी वही हातातून घेतलीच. मी उलटी धरली होती, त्यांनी उलटीच घेतली. माझ्या लक्षात येईपर्यंत दार बंद. मी दारावर थापा मारल्या. आत माझं सगळं होतं, थप्पड, खोटं, क्रेन. नर्सने डोळे वटारले.

वीस मिनिटांनी बाई आल्या, बोट वहीत घालून. बाकासमोर उभ्या राहिल्या.

"पुढच्या बाजूचा पेशंट कळला. मागच्या बाजूचा कोण आहे?"

"पेशंट नाही कोणी," मी म्हणालो. "ते मीच. उगाच लिहितो. वेळ जात नाही म्हणून."

"दिवसाला किती पाणी?"

"पाच-सहा लिटर."

"पाय कधीपासून गळतात?"

"आठवतंय तेव्हापासून... नेहमीच."

"पाठीत कधी कळ?"

मी खिशातून काडेपेटी काढली. तीन वर्षांपूर्वी एका गावी माझ्या लघवीतून खडा पडला होता, मुळव्याधीपेक्षा वाईट दुखलं. जपून ठेवलाय, नशिबाचा म्हणून. बाईंनी तो तळहातावर घेतला. बाबांनी मान वाकवून पाहिला. असले खडे ते आयुष्यभर पंपातून खरवडून काढत आलेत.

"पट्टी खराब नव्हती," बाई म्हणाल्या. "दोन्ही पट्ट्या बरोबर होत्या."

मी ताईकडे पाहिलं. मला पहिल्यांदाच बघावं तशी ती बघत होती. मी तिच्या खांद्याला लागतो, तिची सगळी जुनी चेष्टा त्यावरच. आज ती माझी उंची बघत होती.

बाबा म्हणाले, "मला सहा तारखेलाच कळलं होतं. बोलायचं धाडस झालं नाही."

ही वही परत मिळाली तेव्हा सात तारखेच्या पानाला बाईंच्या पेनाची एक रेघ होती, समासात. त्यापेक्षा त्यांनी शिक्षा केली असती तर बरं वाटलं असतं.

१४ मार्च

माझ्या तपासण्या झाल्या; माझं, ताईचं आणि बाबांचं रक्तही अकरा तारखेलाच त्या जनुकाच्या तपासणीला गेलंय. दोन्ही मूत्रपिंडांत पांढरे ठिपके, फोटोत रात्रीच्या आकाशासारखे दिसतात. पुष्कळ जुनं आहे. इतकी वर्षं टिकलो याचं बाईंना नवल वाटतं, म्हणाल्या बहुधा माझ्या पंपात थोडा जीव असावा. ठिपकीच्या पंपात तेवढाही नाही.

मग कान. काचेच्या खोलीत बसवलं, बीप ऐकू आली की बटण दाबायचं. डावीकडे शून्य, ते माहीत होतं. उजवीकडे मी बराच वेळ वाट पाहत बसलो, मला वाटलं यंत्र सुरूच झालं नाही. बाहेर आलो तर कागदावरची रेघ उतारावरून घसरल्यासारखी. उजवाही एक तृतीयांश गेलाय.

माणसं पुटपुटत नाहीत तर.

"औषधाने पोटॅशियम सांभाळता येईल, खडे थांबवता येतील," बाई म्हणाल्या. "कानाचं आश्वासन देत नाही. डोकं जपा. मारामारी, पोहताना उडी, काही नको. या आजारात आतल्या कानातली एक नळी रुंद असते, छोट्याशा धक्क्याने ऐकू येणं एकदम जाऊ शकतं."

बाबा माझ्या मागे उभे होते. "म्हणजे सतरा वर्षांपूर्वी..."

"तो कान जाणारच होता. त्या दिवशी नाही तर वर्षभराने. चेंडू लागून गेला असता, पडून गेला असता."

बाबा बाहेर जाऊन पाण्याच्या नळाशी उभे राहिले. नळ बंद होता.

लहानपणापासून मला कोणाचा राग आहे ते पक्कं माहीत होतं. सहा वर्षं अकरा गावं मी त्या रागावरच फिरलो. आज तो कुठे ठेवायचा कळत नाही. आणि रागाच्या जागी जे आलंय ती भीती आहे, साधी, अंधार पडल्यावर मुलाला वाटते तशी. एके सकाळी उठेन आणि उजवीकडेही काही नसेल.

२ एप्रिल

निकाल आला. तोच ट्रकचा नंबर. त्या कृतीच्या प्रत्येकाकडे दोन प्रती असतात, एक आईकडची, एक बापाकडची; ठिपकीच्या दोन्ही प्रतींमध्ये एकाच जागी एक अक्षर चुकलेलं. माझ्यात एका प्रतीत तेच अक्षर, दुसऱ्या प्रतीत वेगळी, थोडी सौम्य चूक. ताई आणि बाबांकडे ते पहिलं अक्षर एकाच प्रतीत चुकलेलं, दाजींकडेही असणारच; दुसरी प्रत नीट, म्हणून त्यांचं चालून जातं. दुसरी चूक आईकडून आली असणार. आईला कधी काही झालं नाही. तिला कळलंही नसेल की ती मला काय काय देऊन गेली.

फोनवर दाजी जहाजावरून विचारत होते, "म्हणजे चूक कोणाची?" ताई म्हणाली, "अक्षराची."

ठिपकीला ऐकण्याचं यंत्र बसणार आहे. वजन पाच किलो शंभर.

५ एप्रिल

औषध आता आम्ही दोघं घेतो, एकाच बाटलीतून, ती चमच्याने, मी वाटीने. चव म्हणजे साबण आणि समुद्र. ती थुंकते, मी थुंकू शकत नाही कारण ती बघत असते. क्रेनवाल्याला नाही म्हणून आलो. बाबांना दुकानात माणूस हवाय आणि मला पंप भरून मग चालू करायचा असतो एवढं तरी नक्की कळतं.

डबीत तीन पट्ट्या उरल्या होत्या. बाई म्हणाल्या होत्या आता त्यांची गरज नाही. पण दुपारी ताई झोपली होती आणि मला राहवेना. ठिपकीची एक, माझी एक. दोन्ही हिरव्या. तिसरी बाबांना दिली. "माझी कशाला?" म्हणत गेले आणि घेऊन आले. खिडकीच्या कट्ट्यावर तिन्ही ओळीत ठेवल्या.

बाबांची नारिंगी होती. पिकलेल्या संत्र्याची. मी अशी पट्टी पहिल्यांदाच बघत होतो. सात मार्चला ही बाजूला असती तर.

बाबा त्या पट्टीकडे बघत राहिले, दुसऱ्याची वस्तू हातात आल्यासारखे. मग माझ्या शेजारी बसले. डावीकडे. सतरा वर्षांत ते कधी त्या बाजूला बसले नव्हते. मला वाटलं चुकून. खिडकीच्या काचेत त्यांचे ओठ हलताना दिसत होते. बरंच बोलले, अगदी हळू. मध्ये थांबले, पुन्हा बोलले. मी वळलो नाही. ठिपकी माझ्या मांडीवर होती, तिला त्यांचा चेहरा दिसत होता आणि ती त्याकडे अगदी मन लावून बघत होती. आमच्या तिघांत बोलणाऱ्याखेरीज कोणालाच काही ऐकू येत नव्हतं.

ते थांबले तेव्हा मी म्हणालो, "बाबा, इकडून बोला. हा आहे तोवर."

ते उठले. कट्ट्याला, खुर्चीला, आम्हाला वळसा घालून उजवीकडे आले आणि उकिडवे बसले, तोंड माझ्या कानापाशी.

"धक्का कशाचाही असू शकला असता, त्या म्हणाल्या," बाबा म्हणाले. "पण हात माझा होता."

"ऐकू आलं," मी म्हणालो.